कार्ड मिळालं, मग पॉलिसी बंद करू का?

नमस्कार,

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका गावात राहतो. माझे यजमान रिक्षा चालवतात, धाकटे भावोजी पुण्यात कंपनीत आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री मामंजींच्या छातीत दुखू लागलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, इथे थांबू नका, कोल्हापूरला न्या. १०८ मधून आंबोली घाटाने नेलं. भावोजींनी आईवडिलांची मेडिक्लेम पॉलिसी दोन वर्षांपूर्वी काढली होती, हप्ता वर्षाला ३८ हजार. कंपनीने ‘रक्तदाब आधीपासून होता’ म्हणून कॅशलेस नाकारलं. शेवटी आमच्या केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी झाली. मंजुरी यायच्या आधी मात्र तपासण्यांचे म्हणून १४ हजार भरून घेतले. आता औषधांना महिन्याला २,८०० लागतात. सासूबाईंना साखर आहे, त्यांच्या गोळ्या वेगळ्या.

चतुर्थीला सगळे घरी आले आणि दोघा भावांत वाद पेटला. भावोजी म्हणतात, ‘आता सगळ्यांनाच ५ लाखांचं कार्ड आहे, मी पॉलिसी बंद करतो.’ आणि पुढे हेही म्हणतात, ‘कर आम्ही भरायचा आणि फुकट उपचार सगळ्यांनी घ्यायचे, हे किती दिवस चालणार?’ यजमान म्हणतात, ‘दवाखाने सगळे सरकारीच हवेत, खासगी बंद करा.’ विसर्जनापर्यंत दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आलाय. पॉलिसी बंद करावी का? आणि दोघांपैकी बरोबर कोण? मला कोणी विचारत नाही, पण रात्री-बेरात्री दवाखान्यात मलाच धावावं लागतं.

— एक सून, सिंधुदुर्ग जिल्हा

ताई,

आधी पॉलिसीचं बोलते, कारण हप्त्याला तारीख आहे. पॉलिसी बंद करू नका. भावोजींचा राग मला कळतो. दोन वर्षं हप्ते भरले आणि नेमक्या वेळेला कंपनीने हात वर केले. पण आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबवता येतं. २०२४ मध्ये विमा नियामकाने ही मर्यादा ४ वर्षांवरून ३ वर आणली. तुमची दोन वर्षं भरून झाली आहेत. मामंजींसाठी पॉलिसी खऱ्या अर्थाने उघडायला एकच वर्ष उरलं असताना ती सोडली, तर भरलेले ७६ हजार पाण्यात जातील. उद्या नवीन घ्यायची म्हटलं, तर अँजिओप्लास्टी झालेल्या वयस्कर माणसाला कोण दारात उभं करणार, आणि केलंच तर थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

३८ हजार डोईजड होत असतील तर मधले मार्ग आहेत. विम्याची रक्कम कमी करून घेता येते. बिलातला ठरावीक हिस्सा आपण भरायचा, अशी अट पत्करून हप्ता उतरवता येतो. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी वळवता येते आणि आधीची दोन वर्षं धरली जातात, मात्र हा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. आणि नवी कंपनी मामंजींचा इतिहास बघून नकारही देऊ शकते, म्हणून तिकडून लेखी होकार येईपर्यंत जुनी हातातली सोडायची नाही. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण गेला आहे, तेव्हा भावोजींना हप्त्याची नवी पावती नीट बघायला सांगा. साठीच्या पुढच्या लोकांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही, असंही २०२५ च्या सुरुवातीला ठरलंय.

आता कार्ड. ५ लाखांचं कार्ड सगळ्यांना आहे, हे भावोजींचं म्हणणं महाराष्ट्रापुरतं खरं आहे. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की पांढरं रेशनकार्डसुद्धा चालेल आणि मर्यादा ५ लाख राहील, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारतइतकीच. पुढच्या वर्षापासून ते अंमलात आलं. मोठी गोष्ट झाली, आणि ती झाली म्हणूनच कोल्हापुरात तुमच्या घरावर कर्ज चढलं नाही.

पण हे ५ लाख एका माणसाचे नाहीत, वर्षाला एका कुटुंबाचे आहेत. ते यादीतल्या उपचारांनाच लागतात आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातच मिळतात. रुग्णालय यादीत असलं तरी हृदयासाठी आहे की फक्त हाडांसाठी, हे वेगळं बघावं लागतं. आणि भरती झाल्याशिवाय कार्डाचा उपयोग जवळजवळ नाहीच. महिन्याच्या गोळ्या, साधी रक्ततपासणी, कोल्हापूरच्या खेपा या सगळ्याला कार्ड बाहेर ठेवतं.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. वॉर्डातून डॉक्टर रुग्णाचे नातेवाईक आमच्याकडे पाठवायचे आणि खर्चाची वाट आम्ही शोधायची. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड निघायचं, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. आधारवर ‘लक्ष्मण’ आणि कार्डावर ‘लक्षुमण’. सुनेचं नाव कधी चढवलेलंच नसायचं. आईचं नाव मोठ्या भावाच्या कार्डात आणि आई राहायला धाकट्याकडे. मंजुरी अडायची ती अशा ठिकाणी, आणि बाहेर बाकावर माणूस छाती धरून बसलेला असायचा. तुमच्या घरात हे अडलं नाही, ताई, कारण कागद तुम्ही नीट ठेवले होते. घरात ज्याला ‘कोणी विचारत नाही’ त्या माणसाने हे सांभाळलं, हे दोघा भावांना एकदा ऐकू द्या.

मंजुरीआधी घेतलेल्या १४ हजारांबद्दल: योजनेतला उपचार रोख पैशांशिवाय व्हायला हवा, आणि ज्या आजारासाठी भरती झाली त्याच्या तपासण्या त्यातच धरतात. पावत्या असतील तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिचा नंबर लिहून घ्या आणि जिल्हा समन्वयकाला लेखी अर्ज द्या. अशा तक्रारींवर रुग्णालयाने पैसे परत केलेले मी पाहिले आहेत, आणि पावतीच नाही म्हणून लोक हात हलवत गेलेलेही पाहिले आहेत. पावती नसेल तर खात्यातून पैसे गेल्याचा संदेश शोधा. त्याच खेपेला आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आणखी एक विचारा. काही शस्त्रक्रियांनंतरच्या तपासण्यांचं आणि औषधांचं वेगळं पॅकेज योजनेत असतं, ते मामंजींना लागू आहे का? आपणहून फार कमी जण सांगतात.

आता दोघांपैकी बरोबर कोण. मी काठावर बसून दोघांच्याही पाठीवर हात ठेवणार नाही. उपचाराचा खर्च करातून व्हावा, आणि तो सगळ्यांचा व्हावा, असं माझं ठाम मत आहे, आणि इतकी वर्षं त्या टेबलामागे बसून ते पक्कं झालंय. तरीही तुमच्या यजमानांचं सगळं मला पटत नाही आणि भावोजींच्या एका शंकेला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

‘कर आम्ही भरायचा’ हे वाक्य आधी घेऊ. भावोजींच्या प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो, त्यामुळे त्यांना ते टोचणं समजू शकतं. पण तुमचे यजमान रिक्षात पेट्रोल भरतात, त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, राज्याचा व्हॅट आहे. टायर, साबण, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यावर कर आहे. प्राप्तिकर न भरणारा कर भरत नाही, हा समज आपल्याकडे फार खोल रुतलाय. दुसरं म्हणजे, भावोजी जुन्या करपद्धतीत असतील तर ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याच्या हप्त्यावर त्यांना वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. म्हणजे त्यांच्या खासगी पॉलिसीलाही सरकारी तिजोरीचा हात लागलेला असतो. त्यात लाजायचं काही नाही, फक्त हिशेब पूर्ण मांडायला हवा.

आणि हेच वाक्य सिंधुदुर्गाने एकदा समोरून ऐकलंय. तुमच्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या बांबोळीला जातात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याला गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याची बाजू होती की खर्च गोव्याच्या करदात्यांचा, आणि खाटा भरतात बाहेरच्या लोकांनी. दोडामार्गला लोक त्या वेळी आंदोलनाला बसले होते. ‘कर आमचा, उपचार त्यांचे’ हा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो कुठे थांबवायचा ते आपल्या हातात राहत नाही. पुण्यात तो भावोजींच्या सोयीचा आहे, गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावर तो त्यांच्याच वडिलांच्या विरुद्ध गेला असता.

त्यांची खरी शंका वेगळी आहे: सरकारच्या हातात पैसा दिला की गळतो. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने आयुष्मान भारतवरचा अहवाल दिला, त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले, सलग दहा नऊ. मृत म्हणून नोंद झालेल्यांच्या नावावर उपचार दाखवल्याचंही त्यात होतं. त्यानंतर दोन महिने झाले नाहीत तोच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधं आणि मनुष्यबळाची कमतरता, अत्यवस्थ रुग्णांची गर्दी, कारणांवर वाद झाला. मला त्यातलं एकच सांगायचंय: नांदेडला येणारी ती बाळं शेजारच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून, अगदी शेवटच्या घटकेला आलेली असतात, कारण त्यांच्या जवळच्या दवाखान्यांत त्यांना सांभाळणारं कोणी नसतं. याचा इलाज पैसा काढून घेणं हा कसा असेल?

गळती खासगीतही आहे, ती फक्त वहीत दिसत नाही. नको असलेली तपासणी, एक दिवस जास्त अतिदक्षता विभागात, कंपनीच्या नावाची महाग गोळी. तुम्ही भरलेले १४ हजार कुठल्या कॅगच्या अहवालात येणार?

आता यजमान. ‘खासगी बंद करा’ म्हणणं सोपं आहे, पण मामंजींची अँजिओप्लास्टी त्या रात्री योजनेतल्या ज्या रुग्णालयात झाली ते सरकारी होतं की खासगी, हे तुम्ही लिहिलं नाही. बहुधा खासगीच असावं, कारण अँजिओप्लास्टी करण्याच्या खोल्या, म्हणजे कॅथलॅब, आपल्याकडे सरकारीत फार थोड्या आहेत. ते दार उद्या बंद केलं तर घाटातून वर आलेला माणूस जाणार कुठे? शिवाय दवाखाना सरकारी झाला म्हणजे उपचार मिळतोच, असंही नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचे शेतमजूर रेल्वेतून पडले, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत पैसे भरून उपचार झाले. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार देणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि पैसा नाही हे कारण चालणार नाही.

निकाल लागला, पण तातडीचा उपचार खासगी डॉक्टरने दिला तर पैसे कोण देणार हा प्रश्न लोंबकळतच राहिला. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशात पहिला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले ते याच मुद्द्यावर. त्यांची भीती निराधार नव्हती. आपल्या योजनेतही पॅकेजचे दर अपुरे पडतात आणि बिलं वेळेवर सुटत नाहीत, अशी छोट्या रुग्णालयांची ओरड आहे. मग काही रुग्णालयं योजनेतून बाहेर पडतात, काही ‘आज खाट नाही’ म्हणतात, आणि काही मंजुरीआधीचे म्हणून १४ हजार मागतात. तुमच्या पावतीचं मूळ बऱ्याच वेळा इथे असतं. म्हणून रुग्णालयाला जाब विचारायचाच, पण सरकारलाही विचारायचं: पैसे वेळेवर का देत नाही?

आणि आता जे या वादात तुमच्या घरात कोणीच बोललं नाही. तुमच्या पत्रातले आकडे मी पुन्हा मांडून पाहिले. अँजिओप्लास्टीचा मोठा खर्च, ज्याची सगळ्यांना धास्ती होती, तो कार्डाने भागवला. घर पोखरतायत ते महिन्याचे २,८००, म्हणजे वर्षाला ३३ हजार ६००, भावोजींच्या हप्त्याच्या जवळपास. यात सासूबाईंच्या गोळ्या नाहीत, बुडालेली रिक्षाची भाडी नाहीत. सरकारी पैशातून उपचार म्हणजे ऑपरेशनच्या दिवसाचं बिल, एवढीच कल्पना आपल्या डोक्यात बसली आहे. कौलं परतायला पैसे द्यायचे नाहीत आणि घरात गळलेलं पाणी पुसायला मात्र दर पावसाळ्यात माणूस लावायचा, असं चाललंय.

मामंजींचा रक्तदाब ‘आधीपासून होता’. कंपनीने ते नाकारण्यासाठी वापरलं, पण मला त्या वाक्यात दुसरंच दिसतं. तो रक्तदाब गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोजला गेला असता, गोळी दर महिन्याला हातात पडली असती, महिना चुकला तर कोणी फोन केला असता, तर कदाचित आंबोली घाट चढावाच लागला नसता. ही स्वप्नातली गोष्ट नाही. २०१७-१८ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यासाठी महाराष्ट्रातून सुरुवातीला चार जिल्हे निवडले होते: सातारा, भंडारा, वर्धा आणि तुमचा सिंधुदुर्ग. पद्धत अगदी साधी होती. प्रत्येकाचं कार्ड, ठरलेल्या मोजक्याच गोळ्या, एका वेळी महिनाभराचा साठा, न आलेल्याचा पाठपुरावा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सरकार घाऊक भावात घेतं तेव्हा अगदी स्वस्त पडते. यात कोनशिला नसते, फीत कापायला काही नसतं, म्हणून निवडणुकीच्या भाषणात हे कधी येत नाही.

थायलंडने हे उलट क्रमाने केलं आणि मला त्याचं फार कौतुक आहे. १९७० च्या दशकापासून त्यांनी जिल्ह्या-तालुक्यांत रुग्णालयं उभी केली, नव्या डॉक्टरांना काही वर्षं खेड्यात काम बंधनकारक केलं, आणि मग २००१-०२ मध्ये जाहीर केलं की ३० बात द्या आणि उपचार घ्या. खर्च करातून. भरती न होता घ्यायच्या उपचारांचा पैसा स्थानिक दवाखान्याला नोंदलेल्या माणशी देण्याची पद्धत ठेवली. त्यामुळे रक्तदाब आटोक्यात ठेवणं दवाखान्याच्याही फायद्याचं झालं. आपण कार्ड आधी वाटलं. भावोजी इंग्लंडचा दाखला देतील, तिथे शस्त्रक्रियेला महिनोन्महिने नंबर लागत नाही म्हणून. खरं आहे ते, तिथली माणसंही त्यावर चिडलेली आहेत. पण ५ जुलै १९४८ पासून आजतागायत हृदयाच्या ऑपरेशनसाठी तिथे कोणाला आंब्याची बाग गहाण टाकावी लागलेली नाही. आणि आपल्याकडे हा विचार बाहेरून आलेला नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने लिहून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये, आणि त्यासाठी खेड्यातल्या केंद्रापासून जिल्ह्यापर्यंतची रचनाही आखून दिली होती. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय लेख्यांत तो होता १.८४ टक्के, आणि तेही कोविडच्या काळात. आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले लोकांच्या खिशातून जाणारे रुपये २०१३-१४ मध्ये ६४ होते, ते ३९ वर आले. म्हणजे सरकारने हात लावला की फरक पडतो. यजमानांनी भावोजींना हा आकडा सांगावा, मोठ्याने न बोलता.

आता उद्यापासून करायचं ते. मामंजींची आणि सासूबाईंची औषधाची चिठ्ठी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या तिथे मिळायला हव्यात, आशाताईला विचारलंत तर कुठल्या दिवशी साठा येतो तेही कळेल. जी मिळणार नाहीत त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी दुकानात दाखवा. स्टेंट बसवलेल्या माणसाची रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच बदलायची नाही, स्वस्त मिळाली तरी. साठा संपलाय असं केंद्रात ऐकू आलं तर ते ग्रामसभेत लिहून घ्यायला लावा. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर तुमच्याच भागातले लोक असतात, त्यांना नाव घेऊन विचारा. तालुक्याच्या रुग्णालयात हृदयविकाराची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का आणि रात्री ते देणारा डॉक्टर असतो का, हाही प्रश्न विचारा. ते इंजेक्शन पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतं, आणि घाटात तेच तास जातात.

मामंजी सत्तरीला आले असतील तर ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं, आणि आधीच आयुष्मान भारतमध्ये असलेल्या घरातल्या ज्येष्ठांना त्यावर वेगळे ५ लाख मिळतात. यात वय धरतात ते आधारवरचं. आपल्याकडे जुन्या माणसांच्या आधारवर बहुतेक १ जानेवारी आणि अंदाजाचं साल असतं, तेव्हा दोघांचंही आधार काढून बघा. चुकलं असेल तर शाळेचा दाखला शोधून आत्ताच दुरुस्त करून घ्या, आजारपणात ते होत नाही.

दोघा भावांना एकत्र बसवायचं असेल तर वाद सोडवायला बसवू नका, कामं वाटून द्यायला बसवा. भावोजींनी पॉलिसीचा मूळ प्रस्ताव अर्ज शोधायचा, त्यात रक्तदाबाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं. ‘आहे’ असं लिहिलं असेल तर तिसरं वर्ष संपल्यावर कंपनीला ते कारण देता येणार नाही. ‘नाही’ असं लिहिलं असेल, एजंट लोक कधी कधी परस्पर तसं भरतात, तर ते नूतनीकरणाच्या आधी कंपनीला लेखी कळवायचं. त्यात धोका आहे, कंपनी हप्ता वाढवेल किंवा पॉलिसी रद्दही करू शकेल, म्हणून पत्र धाडण्याआधी जाणकाराला दाखवा. पण लपवून ठेवलं तर ऐन भरतीच्या वेळी ते बाहेर येईल. यजमानांनी १४ हजारांची तक्रार आणि आरोग्य केंद्राच्या खेपा घ्यायच्या. आणि तुम्ही, ताई, सगळ्या कागदांचे फोटो काढून तिघांच्याही फोनवर ठेवा: रेशनकार्ड, दोन्ही आधार, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी. पुढच्या वेळी रात्री धावायची पाळी आली तर ती एकट्या तुमच्यावर येऊ नये.

प्रस्ताव अर्जात काय निघालं ते मला कळवा, म्हणजे कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा करून देते. हप्त्याच्या तारखेच्या आधी कळवा.